कोरियातील विवाह आणि आहेराची वही

एखाद्या समाजाचे अंतरंग जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या मंगलप्रसंगी देणे-घेणे कसे चालते हे पाहावे. दक्षिण कोरियात विवाहास आलेले पाहुणे वस्तूंऐवजी बहुधा रोख पैशांचा आहेर करतात. त्यास तेथे ‘छुगुइगुम’, म्हणजे अभिनंदनाचे द्रव्य, असे म्हणतात. ही चाल कोठून आली आणि आज तिच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, याचा आपण थोडक्यात विचार करू.

प्रथम प्रत्यक्ष रीत पाहू. विवाहगृहाच्या दाराशी दोन मेजे मांडलेली असतात. एक वरपक्षाचे व दुसरे वधूपक्षाचे. पाहुणा आपल्या पक्षाच्या मेजापाशी जाऊन पांढरे पाकीट देतो. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर अभिनंदनाची दोन-चार अक्षरे, पुष्कळदा चिनी लिपीत, लिहिलेली असतात. मागील बाजूस देणाऱ्याचे नाव असते. मेजाशी बसलेला विश्वासू आप्त वा मित्र पाकीट स्वीकारतो आणि पाहुण्याच्या हाती जेवणाचे तिकीट देतो. कोणी किती दिले, हे वहीत मांडले जाते.

रकमेचाही संकेत आहे. ३०,०००, ५०,००० किंवा ७०,००० वॉन अशा विषम आकड्यांच्या रकमा शुभ समजतात. कारण यिन आणि यांग या प्राचीन कल्पनेनुसार विषम संख्या यांगची, म्हणजे प्रकाशाची व चैतन्याची, होय. दहा ही संख्या सम खरी. परंतु ती पूर्ण मानली जात असल्याने १,००,००० वॉन चालतात. आपल्याकडे ५१ किंवा १०१ रुपये देताना जो वरचा रुपया आपण आवर्जून घालतो, त्याची येथे सहज आठवण होते.

या चालीचे मूळ खेड्यांच्या जीवनात आहे. पूर्वी लग्नघरी शेजारी तांदूळ, शेवया, अंडी अथवा कापड घेऊन येत. ज्यांना तेही शक्य नसे, ते अंगमेहनत करीत. या परस्पर साहाय्यास ‘बुजो’ म्हणत. शेतीच्या कामातही आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात, अशी ‘पुमाशी’ नावाची पद्धत होती. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची सावड ती हीच. जोसन राजवटीत गावोगाव ‘ह्यांग्याक’ नावाचे ग्रामनियम झाले. सत्कर्मास उत्तेजन द्यावे, चुका सुधाराव्यात, रीतीने वागावे आणि संकटात एकमेकांस साह्य करावे, ही त्यांची चार सूत्रे होत. असे नियम रचणाऱ्यांत यी ई (१५३६–१५८४) हे थोर विचारवंत होते. त्यांची विदुषी व चित्रकार माता शिन साइमदांग यांचे चित्र २००९ साली निघालेल्या ५०,००० वॉनच्या नोटेवर आहे. आणि आज आहेराच्या पाकिटात बहुधा हीच नोट असते!

आता आहेराच्या वहीकडे वळू. वही पाहून घरातील वडील मंडळी पुढे त्या त्या घरच्या कार्यात तेवढाच आहेर परत करतात. म्हणूनच हे द्रव्य पुष्कळदा वधूवरांचे नसून त्यांच्या आईबापांचे समजले जाते. त्यांनीच वर्षानुवर्षे इतरांच्या घरी आहेर केलेला असतो. १९९९ साली सोलच्या प्रशासकीय न्यायालयानेही सर्वसाधारणपणे हाच अभिप्राय दिला. वधूवरांच्या स्वतःच्या ओळखीतून आलेला आहेर मात्र त्यांचा मानला.

परंतु गावाचे शहर झाले की स्नेहाचा भार होऊ लागतो. सोलमध्ये एका पानाचा खर्चच कित्येक विवाहगृहांत ५०,००० वॉनांच्या वर जातो. तेव्हा त्याहून कमी दिले तर संकोच, अधिक द्यावे तर ओढाताण, अशी तरुण नोकरदारांची अवस्था होते. अधिकाऱ्यांस आहेराच्या निमित्ताने लाच मिळू नये म्हणून २०१६ साली कायदा अमलात आला. सरकारी नोकर, शिक्षक व पत्रकार यांना कामाशी संबंध असलेल्यांकडून घेता येणाऱ्या अशा रकमेवर आधी १,००,००० आणि २०१८ पासून ५०,००० वॉनांची मर्यादा आली.

याहूनही खोल प्रश्न निराळाच आहे. प्रत्येक घरी कधी ना कधी लग्न होईल, या भरवशावर ही सारी व्यवस्था उभी होती. १९९६ साली तेथे सुमारे ४,३५,००० विवाह झाले. २०२२ साली ते सुमारे १,९२,००० वर आले. ज्याला विवाह करावयाचाच नाही, त्याने आयुष्यभर पाकिटे देत राहावे काय? फेडीची अपेक्षा धरून दिलेले ते साह्य म्हणावे की कर्ज?

आमच्या मते याचे उत्तर त्या जुन्या ग्रामनियमांतच आहे. संकटात एकमेकांस साह्य करावे, हे त्यांचे सूत्र होते. ज्याच्यापाशी तांदूळ नसे, त्याचे हातही कार्यात तितकेच मोलाचे ठरत. वही उपकार विसरू नये म्हणून असावी. माणसाची किंमत ठरविण्यासाठी नसावी.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याही घरी आहेराची एखादी जुनी वही पेटीत जपून ठेवलेली असेल. वडीलधाऱ्यांजवळ बसून ती अवश्य वाचा. नुसते आकडे वाचू नका. कोण कोठून आले होते आणि कोणत्या अडचणीत असताना आले होते, हे विचारा. तोही इतिहासाचा एक धडाच आहे.