वाचकांचे प्रश्न : आधी नोंद, मग निष्कर्ष

प्रश्न १ : खामगावजवळ आमचा जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना असून तो प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावे आहे. साठ्याचा हिशेब वडील वहीत ठेवीत असत. मी तो संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात ठेवतो. बाजारभाव, रुईचा उतारा व वीजखर्च यांचा मेळ घालून दाखवणारी डेटा अ‍ॅनालिटिक्सची प्रणाली घ्यावी, असे मुलाचे म्हणणे आहे; मुनीमजी मात्र उत्पादन व साठ्याच्या सॉफ्टवेअरचा आग्रह धरतात. या हंगामात दोहोंचा खर्च झेपणार नाही. कायदा आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी काय श्रेयस्कर?
– एक वाचक, खामगाव

उत्तर : माझे स्पष्ट मत असे की, या हंगामात मुनीमजींचे ऐकावे, आणि चिरंजीवांच्या इच्छेची तजवीज खर्चावाचून कशी होईल, तेही पाहावे.

प्रथम कायद्याची बाजू. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३५ अन्वये उत्पादन, आवक, जावक व शिल्लक साठा यांचे खरे व अचूक लेखे ठेवणे प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्यावर बंधनकारक असून, नियम ५६ त्याहून पुढे जाऊन कारखानदाराकडे कच्चा माल किती वापरला, पक्का माल किती निघाला आणि त्यातून उपउत्पादन व टाकाऊ माल किती झाला, याचे मासिक परिमाणवार लेखे मागतो. हे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरील कर विक्रेत्याऐवजी खरेदीदारानेच भरावयाचा असल्याने आपल्याकडील प्रत्येक काटापट्टी ही मालाच्या नोंदीइतकीच कराचीही नोंद ठरते. शिवाय आपली संस्था कंपनी असल्यामुळे, लेखापुस्तकांसाठी वापरावयाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येऊ नये, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून आपल्यालाही लागू आहे. एक्सेलच्या तक्त्यात कालचा आकडा पुसून आजचा घातला तर त्याचा मागमूस राहीलच असे नाही. म्हणून आपला साठ्याचा तक्ता लेखापुस्तकांशी कोठे व कसा जोडला जातो, हे लेखापरीक्षकांना दाखवून त्यांचा अभिप्राय घ्यावा.

कायद्याइतकाच महत्त्वाचा भाग बँकेचा व विम्याचा आहे. कॅश क्रेडिटवर किती उचल करता येईल, हे आपण बँकेस दरमहा देत असलेल्या साठ्याच्या विवरणपत्रावरून ठरते; आणि जिनिंगच्या आवारात गंजीला आग लागण्याचा धोका आपण जाणताच, अशा प्रसंगी विमा कंपनीचा सर्वेक्षक सर्वप्रथम विचारतो ते, आगीच्या आदल्या दिवशी आवारात किती कापूस, किती सरकी व किती गाठी होत्या. जळालेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते, तर ओटाईत होणारी स्वाभाविक घट ही निराळी बाब आहे; या दोहोंतील सीमारेषा केवळ रोजच्या रोज केलेल्या नोंदीनेच सिद्ध होऊ शकते.

आता व्यवहाराची बाजू. ज्या खामगावासाठी १८७० साली कापसाच्या व्यापाराखातर जलंबहून रेल्वेचा फाटा टाकला गेला, तेथील व्यापाऱ्यास उताऱ्याचे मोल सांगावयास नको. तरीही हिशेब मांडून पाहू. १,००० क्विंटल कापसाचा उतारा ३४ टक्के बसला तर ३४० क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या २०० गाठी होतात. तोच उतारा ३३ टक्क्यांवर आला तर सुमारे १९४. या सहा गाठी कोठे गेल्या, याचे उत्तर कोणती गाडी कोणत्या गंजीत रिकामी झाली, त्या कापसात ओलावा किती होता आणि ती गंजी कोणत्या दिवशी जिनवर चढली, या तीन नोंदींत दडलेले असते. सकाळच्या दवात वेचलेला ओलसर कापूस व कोरडा कापूस एकाच गंजीत पडला आणि त्याची नोंद झाली नाही, तर कितीही महागडी विश्लेषण-प्रणाली आणली तरी ती त्या गंजीविषयी काहीच सांगू शकणार नाही. पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांसारखी साधने अन्यत्र साठवलेली माहिती वाचून तिचे आलेख व तुलना मांडतात. काट्यावर उभी असलेली गाडी नोंदवून घेणे हे त्यांचे काम नव्हे.

साठ्याचे सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावर न विसंबता गेल्या हंगामातील एका दिवसाच्या आपल्याच काटापट्ट्या त्यात भरून पाहाव्या. एका कापसातून रुई व सरकी असे दोन माल निघतात, ते त्यात सरळ उतरतात काय. खर्चाची दोहोंत विभागणी होते काय. क्विंटल व गाठ ही दोन्ही परिमाणे चालतात काय. इंटरनेट गेल्यावर काटा थांबतो काय. आणि काट्यावरील माणसाला ते मराठीतून वापरता येते काय, हे पाच प्रश्न नावलौकिकाहून अधिक उपयोगी आहेत. मुनीमजींना टॅलीची सवय असल्यास प्रथम तिच्यातील साठ्याच्या सोयी पुरेशा आहेत का ते पाहावे. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीतही उत्पादन व साठा यांचे विभाग आहेत, परंतु ती बसवून देणारा जाणकार माणूस जवळपास आहे, याची खात्री आधी करावी.

खरेदीच्या वेळेचाही विचार व्हावा. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. मात्र त्या वर्षी त्याचा वापर १८० दिवसांहून कमी झाल्यास पहिल्या वर्षी त्याच्या निम्माच मिळतो. वार्षिक वर्गणीची प्रणाली असेल तर ती रक्कम सामान्यतः त्या वर्षीचा महसुली खर्च धरली जाते. तेव्हा हंगामापूर्वीच, उन्हाळ्यात, व्यवहार आटोपलेला बरा. माणसांना शिकावयासही त्यामुळे उसंत मिळते.

चिरंजीवांसाठी सांगावयाचे ते असे की, पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्ती विनामूल्य मिळते. साठ्याच्या सॉफ्टवेअरमधून महिन्याकाठी नोंदी काढून घेऊन त्यांनी गंजीनिहाय उतारा व गाठीमागे वीजखर्च काढावा. एक संपूर्ण हंगाम असा अभ्यास झाल्यावर सशुल्क प्रणालीची गरज आहे किंवा नाही, हे त्यांचे त्यांनाच आकड्यांनिशी सांगता येईल.

प्रश्न २ : देऊळगाव राजा येथे आमचे बियाणे प्रक्रिया केंद्र आहे. लॉटनिहाय साठ्याचे सॉफ्टवेअर आम्ही अनेक वर्षे वापरीत आहोत. आता एक कंपनी वार्षिक वर्गणीवर विश्लेषण-प्रणाली देऊ करीत आहे. करारनाम्यात काय पाहावे?
– एक वाचक, देऊळगाव राजा

उत्तर : आपली स्थिती पहिल्या वाचकांहून भिन्न आहे. अनेक वर्षांच्या लॉटनिहाय नोंदी हाताशी असताना, प्रमाणित बियाण्याची मुदत उगवणशक्तीच्या चाचणीपासून साधारणतः नऊ महिन्यांचीच असताना, आणि मृग संपल्यावर विक्रेत्यांकडून न विकलेला माल परत येत असताना, कोणत्या तालुक्यात कोणते वाण किती पाठवावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्यासाठी खरोखर पैशाचे आहे. प्रणाली अवश्य घ्यावी.

करारनाम्यात चार कलमे मात्र नि:संदिग्ध असावीत. माहितीची मालकी आपली राहील. करार संपल्यावर ती संपूर्ण माहिती सर्वसाधारण स्वरूपाच्या फाइलीत ठरावीक मुदतीत परत मिळेल व त्यांच्याकडील प्रत नष्ट होईल. नूतनीकरणाच्या वेळी दरवाढीस मर्यादा राहील. आणि वाद उद्भवल्यास त्याचे ठिकाण बुलढाणा जिल्ह्यातील न्यायालय असेल. शेवटचे कलम कंपनी सहजासहजी मान्य करणार नाही, तरी मागून पाहावे, कारण दूरच्या शहरातील लवादापुढे लहान रकमेसाठी जाणे कोणालाच परवडत नाही. बीजोत्पादक शेतकऱ्यांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक त्या प्रणालीत जाणार असतील, तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ त्यांच्या रक्षणाची जबाबदारी आपल्यावरच ठेवतो, सॉफ्टवेअर कोणाचेही असो. म्हणून विश्लेषणास आवश्यक नसलेली नावे व क्रमांक मुळातच तेथे पाठवू नयेत.

बियाण्याबाबत ग्राहक आयोगापुढे तक्रार गेलीच, तर पुराव्यासाठी मूळ नोंद आपल्या साठ्याच्या प्रणालीतीलच उपयोगी पडेल. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्या मुद्रित प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. नवी प्रणाली आली म्हणून जुनी नोंद थांबवू नये किंवा तिची प्रत काढून ठेवण्याचा शिरस्ता मोडू नये.