उघडें कार्ड व मोहोरबंद पाकीट

हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड १८७९ सालीं सुरू झालें. तें स्वस्त व सोयीचें खरें. परंतु ज्याच्या हातीं पडेल त्यास तें वाचतां येई. म्हणून घरगुती गोष्ट लोक पाकिटांतूनच लिहीत. हाच विवेक आज ठाणें, डोंबिवली व कल्याण येथील स्थानकांत मोबाइल उघडणाऱ्या विद्यार्थ्यानें बाळगावयास हवा.

रेलटेल व गूगल यांनीं जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल स्थानकावर विनामूल्य वाय-फाय सुरू केलें, व पुढें तें देशांतील शेंकडों स्थानकांत पोहोंचलें. २०२० सालीं गूगलनें या कार्यांतून निवृत्त होण्याचें ठरविलें; रेलटेलनें तें चालू ठेविलें. सोय मोठी आहे. तथापि बिनतारी संदेश लहरींच्या रूपानें चहूंकडे पसरतो, आणि जाळें खुलें असल्यास शेजारच्या बांकावरील मनुष्यही योग्य साधनानें तो टिपूं शकतो.

मग आपण शोधलेले शब्द सर्वांस दिसतात काय? एके काळीं दिसूं शकत. गूगलनें २०११ पासून खातेदारांचे व २०१३ पासून सर्वांचे शोध सांकेतिक रूपांत नेण्यास आरंभ केला. पत्त्यावर बोट ठेवितां आरंभीं ‘एचटीटीपीएस’ हीं अक्षरें दिसलीं म्हणजे पाकीट बंद आहे असें समजावें. यांतील युक्ति गणिताची आहे. डिफी व हेलमन यांनीं १९७६ सालीं दाखविलें कीं, दोघांनीं कांहीं संख्या उघडपणें एकमेकांस कळविल्या, तरी प्रत्येकाजवळील गुप्त संख्येच्या योगें दोघांस एकच किल्ली मिळते. ऐकणाऱ्या तिसऱ्यास ती काढणें व्यवहारतः अशक्य होतें.

परंतु पाकिटावरील पत्ता टपालवाल्यास दिसतोच. शोधाचे शब्द झांकले गेले, तरी पुढें आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलों, त्याचें नांव जाळें चालविणाऱ्यास बहुधा कळतें. आणि स्थानकावर प्रवेशासाठीं आपण मोबाइल क्रमांक दिलेलाच असतो. शिवाय ज्यास पत्र लिहिलें तो तें वाचतोच. म्हणजे शोधयंत्राच्या कंपनीस आपला प्रश्न ठाऊक होतो. ब्राउझरची ‘खासगी’ खिडकी केवळ आपल्या यंत्रावरील खुणा पुसते. वाटेवरील खुणा तशाच राहतात.

यांत लपविण्यासारखें काय आहे, असें पालक कदाचित् विचारतील. आजाराची भीति, कर्जाची विवंचना, परीक्षेंतील अपयश, असले प्रश्न मनुष्य जिवलगासही सांगत नाहीं. शोधयंत्रास मात्र विचारतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें मानिलें. साध्यासुध्या माणसासही त्या हक्काची गरज आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, इतकें ध्यानांत ठेवा. जाळ्याचें नांव ओळखीचें दिसलें, तरी तेवढ्यावर विसंबूं नका. तेंच नांव कोणासही धारण करतां येतें. ब्राउझरनें प्रमाणपत्राविषयीं इशारा दिल्यास तत्काळ मागें फिरा. पाकीट बंद असलें, तरी तें घेणारा प्रामाणिक असेलच असें नाहीं, हेंही विसरूं नका. पैशाचा व्यवहार स्वतःच्या मोबाइल-सेवेवरूनच करा. आणि मनांतील प्रश्न विचारण्यापूर्वीं क्षणभर थांबून पाहा कीं, आपण कार्ड लिहीत आहों कीं पाकीट, व तें कोणाच्या हातीं देत आहों.