जनगणनेचे कागद आणि आपली वंशावळ



मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जोडावी लागते, तेव्हा जुन्या जनगणनेत आजोबांचे नाव व नाते सापडेल, अशी आशा पुष्कळांना असते. ही आशा कितपत खरी आहे, ते पाहू.

प्रगणक प्रत्येकाचे नाव आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते विचारतो. १९५१ साली हा पहिलाच प्रश्न होता. परंतु १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे हे कागद जनतेला पाहावयास मिळत नाहीत, व सामान्यतः पुरावा म्हणूनही चालत नाहीत. अमेरिकेने १९५० चे कागद ७२ वर्षांनी, २०२२ साली खुले केले. आपल्याकडे तशी मुदत ठरलेली नाही. आपल्या हाती येतात ते छापील आकडे. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली २,४८७ बौद्ध होते. १९६१ साली २७,८९,५०१ झाले. १९५६ च्या धम्मदीक्षेची ही मोठी साक्ष आहे, परंतु आपला आजा कोण, हे त्यातून कळत नाही.

मग नाते शोधावे कोठे? गिरडचे उदाहरण घ्या. हे गाव आज समुद्रपूर तालुक्यात आहे; पूर्वी ते हिंगणघाट तहसिलीत होते. म्हणून जुन्या कागदांची चौकशी दोन्ही ठिकाणी करावी.

पहिला आधार कोतवाल बुकाचा. जन्ममृत्यूच्या या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नाव नसते. बापाचे नाव, जात व तारीख असते. गावोगावी ही वर्दी देणारा कोतवाल बहुधा महारच असे. दुसरा आधार शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा. त्यात मुलाचे व बापाचे नाव एकत्र मिळते. शेत असेल तर हक्कनोंदणीतील वारसांची नावे हा तिसरा आधार.

समजा, एकाच बापाच्या नावे १९२१ व १९२४ साली दोन मुलगे नोंदले आहेत. तेवढ्यावरून ते भाऊ ठरत नाहीत, कारण एका नावाची दोन माणसे गावात असू शकतात. शाळेची जन्मतारीख कोतवाल बुकाशी जुळते का, ते पाहावे, वृद्धांना विचारावे. आजीचे नाते तिच्या माहेरच्या गावी शोधावे. एकाच कागदावर विसंबू नये.

जुन्या नोंदीत ‘महार’ आणि पुढे ‘बौद्ध’ असे आढळले, तर घर बदलले असे समजू नये, व जुना शब्द खोडण्याचा मोहही धरू नये. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद मोलाची आहे. १९९० पासून बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळतात. त्या मिळविताना हाच शब्द उपयोगी पडतो.

तेव्हा घरातील वृद्ध आहेत तोवर त्यांच्याकडून नावे लिहून घ्या, आणि मग नकलेसाठी अर्ज करा. माणूस गेल्यावर नुसता कागद नाते सांगत नाही.