भायखळ्याचे अग्निशमन केंद्र आणि भोवतालचा परिसर

मुंबई अग्निशमन दलाचे मुख्यालय भायखळा येथे बापूराव जगताप मार्गावर आहे. रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेत भरतात ते लाल बंब. परंतु अग्निशमन केंद्राचा अभ्यास बंबांपासून सुरू करणे योग्य नव्हे. तो भोवतालच्या वस्तीपासून सुरू करावा लागतो. कोणता रस्ता अरुंद आहे, कोणत्या इमारतीचा जिना लाकडी आहे, कोठील माणसे स्वतःहून बाहेर पडू शकणार नाहीत आणि कोणत्या गोदामात काय भरलेले आहे, हे ज्या केंद्रास आधीच ठाऊक असते, त्याच्याच पाण्याचा खरा उपयोग होतो.

मुंबईच्या वस्त्यांची मांडणीही काही अंशी आगीनेच ठरविलेली आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये किल्ल्याच्या तटाआतील दाट वस्तीला प्रचंड आग लागली. त्यानंतर तटाबाहेर, मांडवीच्या बाजूस, वस्ती वाढू लागली. नियमित दल मात्र बऱ्याच उशिरा उभे राहिले. १८५५ पासून आग विझविण्याचे काम पोलिसांकडे जोडकाम म्हणून होते. १८८७ मध्ये ते महानगरपालिकेच्या आयुक्तांकडे आले. घोड्यांच्या बंबांच्या जोडीला मोटारवर चालणारा पहिला बंब १९०७ मध्ये दाखल झाला.

आता मुख्यालयातून बाहेर पडून परिसर पाहू. पूर्वेस भायखळा रेल्वे स्थानक आहे. त्याची दगडी इमारत १८५७ सालची. रुळांच्या पलीकडे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे लोकांच्या तोंडची राणीची बाग, आणि तिला लागून १८७२ मध्ये जनतेस खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. येथे प्राणी पिंजऱ्यात आहेत व वस्तू काचेच्या कपाटात; पाण्याचा मारा आगीइतकाच घातक ठरू शकेल अशी ही ठिकाणे. दक्षिणेकडे १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय. तेथे ‘इमारत रिकामी करा’ ही सूचना पुरेशी ठरत नाही. खाटेवरील रुग्णास उचलूनच न्यावे लागते. त्याच बाजूस १८६४ सालचे मागेन डेव्हिड हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. नागपाडा, मदनपुरा, आग्रीपाडा या वस्त्यांत घराखाली दुकान वा कारखाना आणि वर बिऱ्हाडे अशी रचना आढळते. आग खालच्या मालाला लागते, धूर मात्र वरच्या बिऱ्हाडांत शिरतो.

परिसराची माहिती म्हणजे कागदावरील नकाशा नव्हे, हे १४ एप्रिल १९४४ रोजी दिसून आले. मुख्यालयापासून सरळ रेषेत सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये व दारूगोळा होता आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. दुपारी कापूस धुमसू लागला. दलाचे जवान पोहोचले आणि त्यांनी जहाजाच्या पोटात शेकडो टन पाणी सोडले. स्फोटके वाहून नेणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावे अशी रीत होती; युद्धामुळे ते निशाण लावलेले नव्हते. शेजारची जहाजे त्यामुळे जागची हलली नाहीत. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. पाणी कमी नव्हते, धैर्य तर नव्हतेच नव्हते. धोका काय आहे हे सर्वांना वेळेवर कळविण्याची व्यवस्था तेवढी तुटलेली होती. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह या जवानांच्या स्मरणार्थ आहे.

गोदीतील स्फोटके ही युद्धाची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. परंतु ९ मे २०१५ रोजी काळबादेवी येथील गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि कोसळली. त्या दुर्घटनेत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार ज्येष्ठ अधिकारी गेले. उत्तरेकडे लोअर परळ येथे दुसराच प्रश्न आहे. तेथील गिरण्या बंद पडल्या, नावे तशीच राहिली आणि आत कचेऱ्या व उपाहारगृहे आली. कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ माणसे मरण पावली. सूत पेटण्याची भीती जाऊन तेथे गच्चीवरील मांडव पेटण्याची भीती आली होती. वास्तूचा वापर बदलला की केंद्राची जुनी माहिती निरुपयोगी होते. दुर्दैवाने नोंदवही बदलण्याची घाई कोणालाच नसते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या इमारतींस तो लागू आहे, त्यांतील अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. अधिकाऱ्यांनी ते फाइलीस लावण्यापूर्वी एकदा जिना चढून पाहावा. शिक्षकांस हाच पाठ गावीही घेता येईल. विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. त्यात बारमाही विहिरी, कडब्याच्या गंजी, शाळेचे दुसरे दार आणि बंबाची गाडी वळू शकेल असे रस्ते दाखवावेत. सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र किती किलोमीटरवर आहे, हा आकडा ग्रामपंचायतीने त्या नकाशावर स्वतः लिहावा आणि गाडी येईपर्यंत पाणी कोण, कोठून काढणार, त्यांची नावेही त्याखाली लिहावीत.