समुद्रतळाचें ध्वनिचित्र

सन १९३७ च्या जुलै महिन्याच्या २ तारखेस अमेलिया इअरहार्ट ह्या अमेरिकन वैमानिक बाई, आपले सोबती फ्रेड नूनन ह्यांसह, पॅसिफिक महासागरावर विमानासकट नाहींशा झाल्या. पुढें सन २०२४ च्या जानेवारींत डीप सी व्हिजन ह्या अमेरिकन मंडळीनें एक चित्र प्रसिद्ध केलें. हाउलंड बेटापासून १०० मैलांच्या आंत, सुमारें १६,००० फूट खोल तळावर, विमानासारखा एक आकार! एवढ्या अंधारांत चित्र निघतें कसें, तें आपण पाहूं.

विहिरींत हाक मारली असतां ती परत ऐकूं येते, हें आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहे. समुद्रांत २०० मीटरांच्या खालीं प्रकाश जवळजवळ पोंचत नाहीं. ध्वनि मात्र सेकंदास सुमारें १५०० मीटर वेगानें दूरवर जातो. प्रतिध्वनीवरून तळ पाहणाऱ्या यंत्रास सोनार म्हणतात. (दागिने घडविणाऱ्या सोनाराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.)

परंतु अंतराबरोबर अस्पष्टताहि वाढते. दीड सेंटिमीटर लांबीच्या लहरी एक मीटर लांबीच्या यंत्रानें ऐकल्या, तर १५० मीटरांवर सव्वादोन मीटरांच्या आंतील दोन वस्तु एकच भासतात. यंत्र लांब करावें, तर तें वाहून नेणार कोण? ह्यावर मोठी मौजेची युक्ति निघाली आहे. लहान यंत्र सरळ रेषेंत सरकत पुनःपुन्हां ध्वनि सोडतें व प्रत्येक प्रतिध्वनि जपून ठेवतें. मग गणितानें ते सर्व जुळवितात, आणि त्या यंत्रास जणूं कित्येक मीटर लांब कान लाभतो. वस्तु जितकी दूर, तितकी ती अधिक ठिकाणांहून ऐकूं येते व तितका हा कान लांब होतो. म्हणून दूरच्या चित्रांतहि कांहीं सेंटिमीटरांचा बारकावा टिकतो. ह्यास सिंथेटिक ॲपर्चर सोनार असें नांव आहे. मात्र यंत्र वाटेंत किती डगमगलें, ह्याचा हिशेब मिलिमीटरांपर्यंत ठेवावा लागतो. तो चुकला कीं चित्र पुसट झालेंच. शिवाय प्रतिध्वनि अगदीं क्षीण झाला, म्हणजे गणिताचाहि उपाय चालत नाहीं.

उपर्युक्त मंडळीच्या माणसाविना चालणाऱ्या पाणबुडीवर ह्याच जातीचें यंत्र होतें. तरीहि तें पहिलें चित्र अस्पष्ट होतें. पंख, शेपटी हें सारें पाहणाऱ्यांच्या डोळ्यांनीं त्यांत भरलें; आम्हांसहि तें विमानच वाटलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. मंडळी पुन्हां त्या ठिकाणीं गेली, यंत्र जवळून नेलें, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें तिनें प्रसिद्ध केलें कीं, तो नुसता खडक होता.