सामूहिक गिरिभ्रमणाची पूर्वतयारी

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाच्या स्मरणात पहाटेची घंटा असते. घंटेबरोबर उठणे, मैदानाला फेऱ्या मारणे आणि मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबणे हे त्या वयात अंगवळणी पडलेले असते. पुढे नोकरी-संसारात ती सवय मोडते. चाळिशीनंतर डॉक्टर चालण्याचा सल्ला देतात, तेव्हा जुने सोबती सकाळच्या फिरण्यात पुन्हा एकत्र येतात आणि एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणतो, "या हिवाळ्यात कळसूबाई करू या." संकल्प उत्तम आहे. परंतु केवळ उत्साहाच्या बळावर निघालेल्या मंडळीत गुडघा दुखावणारा, दम लागूनही संकोचाने न सांगणारा एखादा तरी असतोच. त्याला सुखरूप घरी आणणे हीच अशा प्रवासाची खरी कसोटी होय.

निवासी शाळांनी दिलेला धडा

शिस्तबद्ध तयारीचे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. 'मिशन शौर्य' या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे विद्यार्थी निवडले गेले. त्यांपैकी मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम यांनी मे 2018 मध्ये एव्हरेस्ट सर केले. त्यांचे प्रशिक्षण ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झाले होते. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असे त्याचे टप्पे होते. त्यापूर्वी 25 मे 2014 रोजी तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेची विद्यार्थिनी मालावत पूर्णा वयाच्या चौदाव्या वर्षी त्याच शिखरावर पोहोचली होती. तिच्या तयारीत भोंगीरचा खडक, दार्जिलिंग आणि लडाख हे टप्पे होते.

या मुलांच्या घरी गिर्यारोहणाची परंपरा नव्हती. त्यांना मिळाले ते नियमित मार्गदर्शन, टप्प्याटप्प्याने वाढणारा सराव आणि बरोबरीचे सोबती. आपले ध्येय कितीतरी लहान असले तरी तयारीचे तत्त्व तेच आहे.

बारा आठवड्यांचा सराव

वर्धा शहर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आसपास आहे. कळसूबाई 1646 मीटर. सपाट रस्त्यावर तासभर चालणाऱ्याला चढ सोपा जाईलच असे नाही. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असल्यास डॉक्टरांच्या संमतीवाचून निघू नये.

पहिले चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास चालावे. चालताना सोबत्याशी सलग बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा. पुढील चार आठवड्यांत जिन्याचा सराव जोडावा. उतरण्याचा सरावही तितकाच करावा, कारण मांड्या आणि गुडघ्यांवर खरा ताण उतरताना येतो. शेवटच्या टप्प्यात पाठीवर चार-पाच किलोची सॅक घ्यावी आणि आठवड्यातून एकदा तीन-चार तास चालावे. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात सराव हलका ठेवावा.

चढाच्या सरावासाठी एखाद्या रविवारी गारमसूर परिसर किंवा चिखलदरा निवडता येईल. मात्र बोर व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रात पायी भटकू नये. इतर वनक्षेत्रांतही वन विभागाच्या परवानगीनेच जावे.

बूट नवे असल्यास ते महिनाभर आधी वापरात आणावेत. पायांची नखे कापावीत. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, गूळ-शेंगदाणे, विजेरी, शिट्टी आणि स्वतःची नेहमीची औषधे असावीत. मधुमेही सोबत्याने उपाशीपोटी चढू नये आणि आपला आजार बरोबरच्यांपासून लपवू नये.

डोंगरावर

वर्ध्याहून रेल्वेने इगतपुरीला उतरून बारी गावी जाता येते. रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच चढाई करू नये. एक मुक्काम विश्रांतीचा ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. तेथे घाई आणि छायाचित्रांचा मोह टाळावा. कातळाजवळ आग्या मोहोळ असू शकते, म्हणून धूर, गोंगाट आणि उग्र अत्तर वर्ज्य.

सर्वांत पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे एक अनुभवी सोबती असावा. मागच्याच्या मागे कोणीही राहू नये. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा ठेवावा. पुढे गेलेले विसावतात आणि मागचा पोहोचताच उठून चालू लागतात, असे वारंवार घडते. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. तो पोहोचल्यावरही पाच मिनिटे थांबावे. परतीची वेळ आधीच ठरवावी आणि ती झाली की, शिखर दिसत असले तरी, वळावे. एखादा आजारी पडला तर त्याला एकट्याने खाली पाठवू नये. मार्ग आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी.

माजी विद्यार्थ्यांनी हा सराव आजच्या विद्यार्थ्यांसह केला, पालकही त्यात सामील झाले, तर त्याचे मोल अधिक. शाळेच्या मैदानावर आपण एकमेकांसाठी थांबायला शिकलो होतो. डोंगरावर तीच शिकवण कामी येते. सर्वजण निघाले तसे परतले, तर शिखर राहून गेले तरी प्रवास सफल झाला असे मानावे. शिखर पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असेल.