आजीचे ताट

नागपूरचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. वैशाखात पारा पुष्कळदा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत सकाळी रांधलेले वरण दुपार टळेपर्यंत आंबून फसफसते, हे तुम्ही पाहिले असेल. फसफसलेले वरण कोणीही टाकून देतो. खरा धोका असतो तो चांगल्या दिसणाऱ्या अन्नाचा. अपाय करणारे कित्येक जंतू अन्नाचा वास किंवा चव मुळीच बदलत नाहीत. ५ ते ६० अंश उष्णतेत ते झपाट्याने वाढतात. आपल्याकडील उन्हाळ्यातले स्वयंपाकघर त्यांना चांगलेच मानवते!

असे अन्न तुमच्या पोटात गेले, तर बहुधा एकदोन दिवसांत तुम्ही बरे व्हाल. आजीआजोबांची गोष्ट निराळी. वार्धक्यात रोगांशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. पुष्कळांच्या जठरातील आम्लही कमी झालेले असते. त्यातच तहानेची जाणीव मंदावलेली. म्हणून जुलाब सुरू झाले की अंगातील पाणी भराभर कमी होऊन प्राणांवर बेतू शकते. दृष्टी अधू झाल्याने भाकरीवरची बुरशीही कित्येकदा दिसत नाही.

मग आजी शिळे अन्न टाकून का देत नाही? १९७२ साली महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत भीषण दुष्काळ पडला. परदेशातून आलेला मिलो नावाचा लाल जोंधळा लोकांनी गोड मानून खाल्ला. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांचा हात मूठभर भात टाकतानाही अडखळतो. त्याला हसणे मला तरी असंस्कृतपणाचे वाटते.

म्हणून आजीला दटावण्यापेक्षा तांदूळ मोजून शिजवावेत. भात उरलाच, तर उन्हाळ्यात तासाभराच्या आत उथळ भांड्यात पसरून, निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत तापवून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र पुन्हा उकळला तरी निर्धोक होत नाही. कारण काही जंतूंनी त्यात सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही.

अन्न टिकवण्याची विद्या आजीपाशीही आहे, बरे का! ज्या उन्हाने वरण नासते, त्याच उन्हात ती गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळवते. पाणी आटले की जंतूंची वाढ खुंटते, आणि कुरडई वर्षभर टिकते. लिंबाचे लोणचे तर मीठ आणि आंबटपणा यांच्या दुहेरी पहाऱ्यात राहते. त्या बरणीत ओला चमचा का घालू देत नाही, हे आज तिलाच विचारा.